समासाचा सांधा आणि उच्चाराचा भार

समास म्हटला कीं आपल्यांतील बहुतेकांस शाळेंतील व्याकरणाचा तास आठवतो. तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीहि हीं नांवें आठवतात, आणि परीक्षा संपतांच त्यांचें झालेलें विस्मरणहि आठवतें. परंतु दोन शब्द जोडून एक केला म्हणजे तो तोंडानें कोठें तोडावा आणि त्याच्या कोणत्या अक्षरावर भार द्यावा, हा प्रश्न परीक्षेबरोबर संपत नाहीं. पोथी वाचणारा, कीर्तनास उभा राहणारा, मुलास पहिलें पुस्तक शिकविणारी आई, या सर्वांस तो दररोज सोडवावा लागतो. आणि चमत्कार असा कीं, मराठींत या प्रश्नाचें उत्तर आपली लिपि मुळींच देत नाहीं. ज्या लिपीचा आपण ‘लिहावें तसें वाचावें’ म्हणून अभिमान बाळगतों, ती या एका ठिकाणीं मौन धारण करते. तें मौन आजवर घरांतील वडील माणसें भरून काढीत आलीं. त्याचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठीं आरंभ एका खेड्यापासून करणें सोयीचें होईल.

रायगड जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांत, पेण तालुक्यांत गागोदे बुद्रुक नांवाचें गांव आहे. विनायक नरहर भावे, म्हणजे आचार्य विनोबा, यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजीं या गांवीं झाला आणि बालपणाचीं पहिलीं वर्षें तेथेंच गेलीं. गांवाच्या नांवांतील दुसरा शब्द मूळचा फारशी. ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर, मोठा. त्याच्या जोडीस ‘खुर्द’ म्हणजे लहान. सरकारी दप्तरांत यांचें ‘बु.’ आणि ‘खु.’ एवढेंच उरतें. परंतु बुजुर्गाचा बुद्रुक झाला तो उगाच नव्हे. फारशींत त्या शब्दाची फोड बु-जुर्ग् अशी. शेवटीं दोन व्यंजनें एकमेकांस चिकटलेलीं. मराठी जिभेस शब्दाच्या अखेरीस असें व्यंजनांचें जोडपें उघडें ठेवणें रुचत नाहीं. ‘मार्ग’, ‘वर्ग’ या शब्दांच्या शेवटीं आपण सूक्ष्मसा अ उच्चारतों तो याच कारणानें. तेव्हां अखेरचा र आपली जागा सोडून आधींच्या व्यंजनाशेजारीं जाऊन बसला आणि फोड झाली बुद्-रुक्. शब्दाचे तुकडे कोठें पडावे याविषयीं प्रत्येक भाषेचा कांहीं हट्ट असतो, आणि परक्या पाहुण्यासहि ती तो पाळावयास लावते.

विनोबांच्या नांवाशीं जोडलेला दुसरा एक शब्द या विषयाच्या अधिक जवळचा आहे. तो म्हणजे ‘गीताई’. गीता आणि आई हे दोन शब्द. पहिल्याच्या अखेरीस आ, दुसऱ्याच्या आरंभीं आ, आणि दोहोंचा मिळून एकच आ. चार अक्षरांचीं तीन झालीं आणि सांधा नाहींसा झाला. नव्यानें वाचूं लागलेल्या मुलापुढें हा शब्द ठेवला तर त्याला त्यांत ‘ताई’ दिसेल, आणि त्याचा दोष म्हणतां येणार नाहीं. डोळ्यांस दिसतें तें ताईच. आई दिसावयास अर्थ कळावा लागतो.

हा ग्रंथ झाला त्याचें कारणहि आईच. विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांस संस्कृत गीता समजत नसे. मराठी भाषांतरें होतीं, परंतु कांहीं गद्य म्हणून म्हणावयास गोड नाहींत, आणि जें पद्य मिळालें तें कठीण. तेव्हां तूंच सोपी मराठी गीता कां करीत नाहींस, असें त्यांनीं मुलास सुचविलें. १९१८ सालीं त्या वारल्या. विनोबांनीं गीताई लिहावयास घेतली ती १९३० च्या ऑक्टोबरांत, वर्ध्यास, आणि पुरी केली १९३१ च्या फेब्रुवारींत. जिच्यासाठीं ती लिहिली तिच्या तोंडीं ती कधींच आली नाहीं. याच बाईंची दुसरी एक हकीकत प्रसिद्ध आहे. देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा त्यांचा नेम होता आणि त्या ते एकेक दाणा मोजून वाहत. एक तोळा तांदूळ मोजून त्यावरून लाखाचें वजन काढावें, अशी सोपी युक्ति यजमानांनीं सुचविली. मुलाचें मत असें पडलें कीं, हा हिशेब नव्हे, प्रत्येक दाण्याबरोबर नामस्मरण आहे. अशा घरांतून पुढें अक्षरें मोजून रचलेला ग्रंथ निघावा, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

गीतेचे बहुतेक श्लोक अनुष्टुभ् छंदांत आहेत. आठ आठ अक्षरांचे चार चरण, एकंदर बत्तीस अक्षरें. गीताईनेंहि तोच आठाचा ताल धरला. पण मराठींत आठ अक्षरें मोजावयाचीं म्हणजे डोळ्यानें कीं कानानें? ‘उपकार’ हा शब्द संस्कृतांत चार अक्षरांचा, उ-प-का-र, आणि चारहि ऐकूं येतात. आपण बोलतांना म्हणतों उप्-कार्. कानाला दोनच तुकडे मिळतात. ‘देवघर’ लिहावयास चार अक्षरें, बोलावयास देव्-घर् दोन. मराठी बोलीनें शब्दांतील अ जागोजाग गिळून टाकले आहेत, परंतु लेखनांत ते जसेच्या तसे उभे आहेत. आणि पद्य म्हणतांना तर ते सगळे पुन्हां जिवंत होतात. जात्यावर बसलेली बाई ओवी म्हणतांना शब्दाच्या शेवटचा अ कसा लांबवीत असे, तें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको. अभंग, ओवी हे छंद अक्षरांच्या संख्येवर चालतात, ऱ्हस्वदीर्घाच्या भेदावर नव्हे, ही गोष्ट माधव जूलियनांनीं ‘छंदोरचने’त सविस्तर मांडली आहे. सारांश, पहांटे श्लोक म्हणणारी आणि नंतर स्वयंपाकघरांत सुनेला हांक मारणारी बाई एकच असली तरी तिच्या जिभेवर दोन मराठी भाषा नांदतात. एकींत सर्व अ जिवंत असतात. दुसरींत कोणता अ जगावा आणि कोणता मरावा हें ठरलेलें असतें. दुसरीचें कोडें अधिक अवघड आहे आणि तेंच समासांत फार स्पष्ट होतें.

बोलीचा साधारण नियम असा दिसतो. शब्दाच्या शेवटचा अ गळतो. चार अक्षरी शब्दांत त्याखेरीज दुसऱ्या अक्षरांतलाहि अ गळतो. करवत म्हणजे कर्-वत्, अडचण म्हणजे अड्-चण्, अटकळ म्हणजे अट्-कळ्. गळालेल्या अ चा भार आधींच्या अक्षरावर पडतो, त्यास व्याकरणांत आघात म्हणतात. हा आघात इतका सौम्य असतो कीं, तो आपण देतों हें आपल्याला ठाऊकहि नसतें. आतां याच मापाचा ‘नकळत’ हा शब्द घ्या. नियमाप्रमाणें नक्-ळत् व्हावयास पाहिजे. तसें कोणी म्हटलें तर घरांतील लहान मूलदेखील हंसेल. आपण न-कळत् म्हणतों. ‘असफल’ म्हणजे अ-सफल्, ‘अचपळ’ म्हणजे अ-चपळ्. अस्-फल् नव्हे आणि अच्-पळ् नव्हे. कारण त्यांतील न आणि अ हे वेगळे अवयव आहेत, आणि सांध्यापलीकडील शब्द आपले घरचे नियम घेऊन येतो. करवत आणि नकळत यांच्या लेखनांत भेद दाखविणारें एकहि चिन्ह नाहीं. भेद सांगतो तो अर्थ.

याहून सरस उदाहरण ‘समरस’ आणि ‘समरगीत’ यांचें. दोहोंच्या आरंभीं स, म, र हींच तीन अक्षरें. परंतु पहिला शब्द सम-रस, म्हणून सम्-रस्. दुसरा समर-गीत, म्हणून स-मर्-गीत्. पहिल्यांत म मुका, दुसऱ्यांत र मुका. तसेंच ‘परमत’ आणि ‘परमपद’. दुसऱ्याचें मत तें पर्-मत्. सर्वश्रेष्ठ पद तें प-रम्-पद्. परमतसहिष्णुतेवर व्याख्यान देणारे एक वक्ते तो शब्द प-रम्-त असा म्हणत, आणि श्रोते परमार्थावर कांहीं ऐकावयास मिळेल या आशेनें शेवटपर्यंत बसून राहत. ही गोष्ट खरी किती आणि रचलेली किती, तें वाचकांनींच ठरवावें. ‘जनककन्या’ आणि ‘जनकल्याण’ यांत डोळ्यांस दोन्हीकडे जनकराजाच दिसतो. कान मात्र जन्-कल्याण् ऐकून त्याला बाहेर काढतो. आणि ‘आगगाडी’! एका अक्षरापुढें तेंच अक्षर. पहिला ग मुका होऊन दुसऱ्यावर आदळतो आणि आग्-गाडी असा दुहेरी ग उमटतो. हा शब्द ज्यानें प्रथम केला त्याच्या कानावर रुळांचा सांधा ओलांडणाऱ्या चाकांचा आवाज पडला असेल काय, असें कधीं कधीं मनांत येतें. पण हा केवळ विनोद समजावा.

सांध्याचा परिणाम अ पुरताच थांबत नाहीं. तीळ, फूल, गूळ हे शब्द एकटे असतांना दीर्घ स्वर मिरवितात. त्यांच्यामागें दुसरा शब्द येऊन बसला कीं भार पुढें सरकतो आणि मागचा स्वर आंखडतो. फुलबाग, फुलदाणी, फुलवात. संक्रांतीच्या ‘तिळगूळ’ या शब्दांत तर दोन्ही अवस्था शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात; पहिल्या स्थानीं गेलेला तीळ ऱ्हस्व झाला, शेवटीं राहिलेल्या गुळानें आपला दीर्घपणा राखला. उलट दूधभात, मीठभाकर, धूळपाटी यांत पहिला शब्द अजून ताठ उभा आहे. असें कां? आमच्या मतें, जे जोड फार दिवसांचे आणि पूर्ण एकजीव झालेले, त्यांत पहिला अवयव नमला. जेथें दोन वस्तु अद्याप दोनच वाटतात, दूध निराळें आणि भात निराळा, तेथें तो नमला नाहीं. या मतास अपवाद निघतील हें आम्ही जाणून आहों. परंतु शुद्धलेखनाचे नियम घोकणाऱ्या मुलास ‘फूल दीर्घ, मग फुलबाग ऱ्हस्व कां?’ हें एकदां कानानें ऐकवलें, तर त्याची घोकंपट्टी बरीच वांचेल.

फार जुन्या समासांची स्थिति याच्याहि पुढची. देवकुल या शब्दाचें देऊळ झालें, राजकुलाचें राऊळ, कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार, भ्रातृजायेची भावजय. सांध्यावरील व्यंजनें झिजलीं, स्वर एकमेकांत मिसळले, आणि समास होता याची खूणहि राहिली नाहीं. माहेर हा शब्द उच्चारतांना मातृगृह कोणाच्या मनांत येतें? आणि तरी त्याच घरांत ‘देवघर’ हा नवा समास देवळाच्या शेजारीं आपला सांधा स्पष्ट दाखवीत उभा आहे. भाषा एका हातानें सांधे बुजवीत असते आणि दुसऱ्या हातानें नवे घालीत असते.

समासांतील भाराचें महत्त्व आपल्या पूर्वजांनीं ओळखलें नव्हतें असें नाहीं. पाणिनीच्या अष्टाध्यायींत सहाव्या अध्यायाचा दुसरा पाद, सुमारें दोनशें सूत्रांचा, समासाच्या स्वरालाच वाहिलेला आहे. वेदाच्या पदपाठांत समासाचे अवयव अवग्रहानें वेगळे करून म्हणतात. आणि त्वष्ट्याची कथा तर वैदिक घराण्यांत सर्वांस ठाऊक असते. इंद्राचा सूड घेण्यासाठीं त्यानें यज्ञ मांडला आणि ‘इंद्रशत्रु’ वाढो असा मंत्र म्हटला. अखेरच्या अक्षरावर उदात्त असता तर तो तत्पुरुष होऊन ‘इंद्राचा घातक’ असा अर्थ झाला असता. उदात्त पडला पहिल्या पदावर, समास बहुव्रीहि झाला, आणि अर्थ निघाला ‘इंद्र ज्याचा घातक’. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. अक्षर एक बदललें नाहीं, केवळ भार हालला.

हें सर्व पुराणांतलें, असें म्हणणाऱ्यांनीं वलंदेजांच्या भाषेकडे पाहावें. वलंदेज म्हणजे डच लोक. सतराव्या शतकांत यांनीं वेंगुर्ल्यास वखार घातली होती आणि तिचे अवशेष तेथें आहेत. त्यांची भाषा संस्कृताइतकीच समासप्रिय. दोन, तीन, चार शब्द सलग जोडून एक लांबच लांब शब्द करावयाचा, मध्यें जागा सोडावयाची नाहीं, आणि मुख्य आघात सामान्यतः पहिल्या अवयवावर द्यावयाचा, ही त्यांची रीत. ओळीच्या शेवटीं शब्द तोडणें आलें तर तो सांध्यावरच तोडावा असा नियम आहे, कारण तसें न केल्यास अनर्थ होतो. ‘व्हाल्कौल’ या अर्थाचा, किंवा निदान आपल्या लिपींत जवळजवळ असा लिहितां येईल असा, त्यांचा एक शब्द आहे. व्हाल्-कौल तोडला तर अर्थ होतो पडण्यासाठीं खणलेला खड्डा, आणि हाच खरा अर्थ. व्हाल्क-औल तोडला तर ससाणा आणि घुबड असे दोन पक्षी एका शब्दांत येऊन बसतात. तेथील मुलांचा हा आवडता विनोद आहे. आणि ‘व्होरकोमेन’ या क्रियापदाची गोष्ट तर थेट त्वष्ट्याच्या यज्ञांतली. आघात पहिल्या अवयवावर दिला तर अर्थ ‘घडणें’. दुसऱ्यावर दिला तर ‘घडूं न देणें, टाळणें’. अपघात झाला कीं टळला, हें ऐकणाऱ्यास केवळ आघातावरून समजावयाचें!

मराठींत आघातानें अर्थ असा उलटत नाहीं, हें आपलें सुदैव. तरी मराठीचा आघात मूळचा कोठला, यावर परकी पंडितांत वाद झाला आहे. १९१६ सालीं राल्फ टर्नर यांनीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत असें प्रतिपादन केलें कीं, मराठी शब्दांच्या घडणींत वेदकालीन स्वराच्या खुणा उरल्या आहेत. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० सालीं निघाला आणि त्याचा मराठी अनुवाद वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ सालीं केला. त्यांत या प्रश्नाची छाननी अधिक सावधपणें केलेली आढळते. वेदाचा स्वर आपल्या रोजच्या बोलण्यांत जिवंत आहे ही कल्पना मनास सुखविणारी खरी; परंतु सुखविणारी कल्पना मान्य करण्यापूर्वीं दोनदां तपासावी, म्हणून आम्ही त्या वादांत पडत नाहीं.

आपला व्यवहारांतला प्रश्न याहून साधा आणि अधिक निकडीचा आहे. जुन्या पोथ्यांत शब्दांमध्यें जागा सोडीत नसत. ओळ अखंड चाले. मोडी दप्तरांतहि तेंच. ती वाचणारा मनुष्य प्रत्येक सांधा अर्थानें शोधून काढी, आणि चुकला तर शेजारीं बसलेले आजोबा जपाची माळ न थांबवितां त्याला सुधारीत. आज छापील पुस्तकांत शब्द सुटे झाले, पण समासाच्या आंतील सांधा अद्याप अदृश्यच आहे. आणि आजोबा मात्र पुष्कळ घरांतून दुसऱ्या गांवीं, किंवा मूलच दुसऱ्या देशीं. मूल मराठी शब्द प्रथम कानानें न ऐकतां डोळ्यानें पाहतें, किंवा बोलक्या यंत्राकडून ऐकतें. यंत्राला नियम शिकवितां येतो. करवत तें नीट म्हणतें. परंतु ज्याला समर म्हणजे युद्ध हें ठाऊक नाहीं, तें समरगीताचा सांधा कोठून शोधणार? रोमन अक्षरांत तर स्थिति आणखी बिकट. तेथें गागोद्याचा ‘गागोड’ होण्यास कांहीं आडकाठी नाहीं, कारण त्या लिपींत द आणि ड यांस एकच अक्षर, आणि शेवटचा ए इंग्रजी वळणाच्या डोळ्यास मुका वाटतो.

समासाच्या सांध्यावर सर्वत्र आडवी रेघ छापावी अशी सूचना अधूनमधून कोणी करतो. ती आम्हांस पसंत नाहीं. मोठ्या माणसाच्या पुस्तकांत अशा रेघा म्हणजे चांगल्या चालणाऱ्याच्या हातांत काठी देणें. मात्र पहिल्या दोन इयत्तांच्या वाचनपुस्तकांत सम-रस, समर-गीत, घर-धनी, आग-गाडी असें छापल्यास फार जागा जाणार नाहीं. पदपाठांतील अवग्रह तरी दुसरें काय करीत होता? तिसऱ्या इयत्तेंत त्या रेघा काढून टाकाव्या, आणि त्यानंतर मुलानें रोज पानभर मोठ्यानें वाचावें. ऐकावयास घरांतील कोणी वडील माणूस असावें. तें परगांवीं असल्यास दूरध्वनीवरून ऐकलें तरी चालेल. परमत आणि परमपद हे दोन शब्द त्या पानांत कोठें तरी अवश्य यावे.